आबांची करंटची सतार

जळगावला मला खोली मिळाली ती मिशी काढण्याच्या अटीवर.

महायुद्धाची शेवटची वर्षं होती. हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती आणि मी बिछाना-ट्रंक घेऊन जागा शोधत हिंडत होतो. कुणीतरी एका वकिलांचं घर दाखवलं. घरमालक ओसरीवर अनवाणी, भिंतीला पाठ लावून बसले होते. मी वरच्या खोलीबद्दल विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि म्हणाले, "बाकीचं मागाहून बोलू. आधी ती मिशी काढा."

मी म्हणालो, "माझे वडील हयात आहेत."

"असू देत, भरपूर जगोत. पण तुम्ही आत्ता काय बोललात ते मला मिशीतून उपसून काढावं लागलं. ज्याचे ओठ दिसत नाहीत त्याला मी घरात ठेवत नाही."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की यांना ऐकू येत नाही. दुसरी जागा मिळेना, म्हणून मी मिशी काढली. पुढच्या सुट्टीत चाळीसगावला घरी गेलो, तर स्टेशनावरच ओळखीच्या एकाने पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, "कधी गेले?" हा प्रसंग मी आबांना सांगितला तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून मी त्यांच्या मर्जीतला झालो.

गावात सगळे त्यांना आबाच म्हणत. एके काळी त्यांची वकिली चांगली चालायची. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तर त्यांनीच, असं कोर्टातले जुने लोक सांगत. पण पन्नाशीच्या आसपास कान जाऊ लागले. आधी कुजबुज गेली, मग बोलणं गेलं, आणि एक दिवस न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी भलतंच उत्तर दिलं आणि कोर्ट हसलं. आबांनी कागद आवरले, वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले ते पुन्हा त्या इमारतीत गेले नाहीत.

वकिली सुटली, तरी वकिलीची भाषा सुटली नाही. ओसरीत खिडकीसमोर एक स्टूल ठेवलेलं असायचं. आल्यागेल्याने त्यावरच बसायचं, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर पडायचा. त्या स्टुलाला ते पिंजरा म्हणत. "या मास्तर, पिंजऱ्यात या," म्हणून मला रोज संध्याकाळी बोलवत आणि शाळेत काय झालं ते वदवून घेत. मी म्हटलं, अमुक शिक्षकांची बदली होणार असं ऐकलंय, की त्यांचा हात वर व्हायचा. "ऐकीव पुरावा मी घेत नाही. पाहिलेलं असेल ते सांगा." आपल्या बहिरेपणावर असा विनोद करण्याची त्यांची ती रीत होती. नवा माणूस गोंधळायचा, आणि आबांना तेच हवं असायचं.

घरात ती दोघंच. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, धुळ्याकडच्या. आबाही मूळचे तिकडचेच, पण वकील झाल्यावर त्यांनी घरातही शहरी मराठी धरली होती. अक्कांनी आपली अहिराणी सोडली नाही. डोक्यावरचा पदर कधी ढळलेला नाही, मान खाली, आणि ओठ जेमतेम हलतील इतपत बोलणं. आवाज जाडसर आणि खालच्या पट्टीतला, पण कधी चढवलेला मी ऐकला नाही. त्यांचे ओठ वाचणं आबांना जमत नसे. मोठ्याने बोलणं अक्कांना जमत नसे. मी एकदा त्यांना म्हटलं, "अक्का, जरा जोरात बोलून बघा ना." त्या म्हणाल्या, "भाऊ, नवऱ्यावर वरडेल बाई बठ्ठी गल्ली ऐकस. माले वरडता येत नही." बठ्ठी म्हणजे सगळी.

मग जेवायला बोलवायचं तर अक्का स्वयंपाकघराच्या दारात घासलेलं पितळी ताट उन्हात धरायच्या आणि त्याचा कवडसा आबांच्या समोरच्या भिंतीवर पाडायच्या. कवडसा हलला की आबा उठायचे. ढगाळ दिवशी जमिनीवर पाय आपटायच्या. आबा अनवाणी बसत ते त्यासाठीच. त्या दोघांचा संसार असा कवडशावर आणि पायाच्या ठोक्यावर चाललेला होता. जेवण, चहा, कुणीतरी आलंय, एवढंच त्यातून सांगता यायचं.

आबांना तरुणपणापासून सतारीचा नाद. फार मोठे वादक नव्हते, पण हात गोड होता असं म्हणतात. कान गेल्यावरही ते रोज दुपारी सतार घेऊन बसत. दांडीवर हनुवटी टेकवत, कधी कधी चक्क दात लावत, आणि हाडातून जे काही पोचेल ते ऐकत. ते दृश्य पाहून लोक हसायचे. मलाही पहिल्यांदा हसू आलं. मग एके दिवशी त्यांनी दांडीवरून दात काढले आणि म्हणाले, "मास्तर, आता असंही येत नाही." सतारीवर गवसणी चढवली आणि ती कोपऱ्यात उभी करून ठेवली.

त्यानंतर काही महिन्यांनी भुसावळचं निमंत्रण आलं. आबांचा एक जुना अशील रेल्वेतून निवृत्त होत होता. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा निरोपसमारंभ होता. सोबत म्हणून आबांनी मला नेलं. भाषणं झाली, आणि मग कॉलनीतल्या बँडमधला फ्रान्सिस नावाचा एक गोवेकर तरुण मांडीवर आडवी गिटार घेऊन बसला. तो रेल्वेत टेलिफोन-तारांचं काम करायचा. त्याच्या गिटारीतून एक वायर निघून एका पेटीत जात होती आणि पेटीतून कर्ण्यात. लोखंडाचा गुळगुळीत तुकडा तारांवरून सरकवत त्याने सूर काढला. सतारीची मींड असते तसा तो लांबत गेला, आणि सगळा हॉल त्या आवाजाने भरला.

आम्ही नेमके कर्ण्याजवळ बसलो होतो. आबा खुर्चीतून उठले. मला वाटलं, आवाज सहन न होऊन निघाले. पण ते कर्ण्यापाशी गेले, त्यावर तळहात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग त्यांनी फ्रान्सिसला गाठलं.

"हे मला ऐकू आलं," ते म्हणाले. "असं एक मला बनवून द्याल?"

फ्रान्सिसने मान हलवली. ओठ दिसावेत म्हणून मी त्याला उजेडात सरकवला, तेव्हा तो म्हणाला, "देतो की, आबा. पण तुम्हाला वाजवता येतं का?"

"सतार येते."

"मग निम्मं आलंच."

पुढचे चार-सहा महिने आबा दुसरं काही बोलत नव्हते. लाकूड सागाचंच हवं, ते त्यांनी स्वतः जाऊन, ठोकून, हाताला कंप लागतो की नाही ते पाहून निवडलं. दांडी सतारीसारखी रुंद हवी. मांडी घालून बसल्यावर मांडीवर ठरेल अशी बैठक हवी. आपल्या सतारीची हाडाची घोडीसुद्धा त्यांनी काढून दिली, ती या वाद्यावर बसवा म्हणून. युद्धामुळे पेटीतले, आवाज वाढवणारे काचेचे दिवे मिळत नव्हते, त्यात वेळ गेला. वाद्याच्या पोटात, घोडीच्या खाली, फ्रान्सिसने रेल्वेच्या जुन्या टेलिफोनमधला बोलायचा डबा बसवला. आपण त्यात बोलतो तसं लाकूड त्यात बोलणार, असं त्याने समजावून सांगितलं. आबांना ते फार आवडलं. येईल त्याला ते सांगत, "लाकूड टेलिफोन करणार आहे."

गावात अर्थातच बोलबाला झाला. कुणीतरी तिला करंटची सतार म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. वकिलांचं डोकं फिरलं, असंही लोक म्हणू लागले. आबांना ते ऐकू येत नव्हतं, आणि मी पिंजऱ्यात बसून ते कधी सांगितलं नाही.

एका रविवारी सकाळच्या गाडीने फ्रान्सिस वाद्य घेऊन आला. जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. ओसरीवर चादर सोडली तेव्हा पहिल्यांदा पॉलिशचा वास आला, रेल्वेच्या नव्या डब्यात येतो तसा. मी चित्रात पाहिलेल्या गिटारी कमरेत बारीक असत. ही तशी नव्हती. अंगाने चांगली जाड, काळसर तपकिरी, आणि पडद्यांच्या जागी नुसत्या पितळी रेघा बसवलेल्या. खाली एक गोल भोक आणि कडेने लोंबणारी काळी वायर. मी उचलून पाहिली. सतार उचलायची सवय असलेल्या हाताला ती दगडासारखी जड लागली असती. आबांनी मात्र ती घेतली आणि तिच्या पाठीवर नुसता हात फिरवत राहिले. कडा, सांधे, खुंट्या, सगळं बोटांनी पाहिलं. वाजवायची घाई त्यांनी केली नाही.

अक्का हळदकुंकू घेऊन आल्या. बोट लावता लावता माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, हाई सतार शे का पाट शे?" आबांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, छान आहे म्हणतात.

वायर जोडली, पेटी तापू दिली. आधी कर्ण्यातून नुसती गुणगुण आली, मग एकदम अशी किंकाळी निघाली की समोरच्या घरावरची कबुतरं उडाली. फ्रान्सिसने पेटीवरची खुंटी पिळून ती बसवली. आबांनी बोटात नखी चढवली आणि सगळ्यात जाड तार छेडली.

तो आवाज मला अजून आठवतो. सतारीचा नव्हता, कुठल्याच ओळखीच्या वाद्याचा नव्हता. खोल, गोल, आणि छेडून झाल्यावरही बराच वेळ राहणारा. आबांनी डोळे मिटले. लोखंडी तुकडा सावकाश पुढे सरकवला. सूर चढत गेला तसा त्यांचा चेहरा उघडत गेला. दुसरी जाड तार छेडली. तिसरी छेडली. मग वरची, अगदी बारीक तार छेडली आणि थांबले. पुन्हा छेडली.

"फ्रान्सिस, ही तार लागत नाही."

"लागते, आबा. चांगली लागते."

आबांनी वाकून पाहिलं. तार थरथरत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी लागते म्हणून मान हलवली. अक्कांकडे पाहिलं. अक्कांनीही मान हलवली. त्यांनी फ्रान्सिसला आवाज वाढवायला लावला, इतका की मला कानांवर हात ठेवावे लागले, आणि पुन्हा तीच तार छेडली. मग नखी काढून ठेवली.

"म्हणजे आवाज कमी पडत नव्हता तर," ते म्हणाले. "मला वाटायचं, जग हळू बोलतंय. वरचे सूर माझ्यापुरते संपलेच आहेत."

फ्रान्सिस बिचारा वायर गुंडाळू लागला. आबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "राहू द्या. खालचे तीन शिल्लक आहेत. तेवढ्यावर पुष्कळ वाजवता येतं."

त्यांनी तसं वाजवायला सुरुवातही केली. रोज दुपारी, खालच्या तीन तारांवर. पण शेजाऱ्यांना दुपारची झोप मिळेना. तक्रारी आल्या. मग फ्रान्सिसने कर्णा काढला आणि तारायंत्रावरचे लोक डोक्याला पट्टी लावून दोन्ही कानांवर बसवतात तसे भोंगे आणून दिले. आता आबा वाजवायचे आणि बाहेर नुसती तारांची टिकटिक ऐकू यायची. जे काही वाजे ते त्यांच्या एकट्याच्या कानात.

इथे मला आधीची एक गोष्ट सांगायला हवी. ती मला अक्कांच्या भावाकडून कळली होती, आबांनी कधीच सांगितली नाही.

आबांना एकच मुलगी होती. धुळ्याला दिलेली. बाळंतपणानंतर तिला ताप आला आणि तो उतरेना. अक्का आधीच तिच्यापाशी जाऊन राहिल्या होत्या. तार आली तसे आबा जळगावहून निघाले. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याची गाडी धरायची असते. आबा बाकावर बसले होते. त्या दिवशी ती गाडी दुसऱ्या बाजूला लागली. घंटा झाली, हमालांनी ओरडून सांगितलं, लोक पूल ओलांडून गेले. आबांना काही ऐकू आलं नाही. ते रिकाम्या रुळांकडे पाहत बसून राहिले आणि त्यांच्या पाठीमागून गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून आबा धुळ्याला गेले नव्हते. नात तिथेच वडिलांकडच्या आजीआजोबांकडे वाढत होती. अक्का वर्षातून एकदा भावाला घेऊन तिला पाहून यायच्या. आबा विचारायचे नाहीत, आणि अक्कांना सांगता यायचं नाही. भाऊ म्हणाला होता की अक्कांनी एकदा प्रयत्न केला होता. आबांच्या समोर बसून, पदर मागे सारून, सावकाश बोलायला लागल्या होत्या. आबांनी त्यांच्या ओठांवरून एवढाच एक शब्द उचलला, धुळे. आणि ते उठून बाहेर निघून गेले. बायको आपल्याला जाब विचारते आहे असं त्यांना वाटलं असावं. अक्कांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना काय सांगायचं होतं ते भावालाही माहीत नव्हतं. जे सांगायचं ते फक्त नवऱ्याला, असं काहीतरी होतं.

तर एका दुपारी मी ओसरीवर होतो. पेटीला वायर जोडतात तो सांधा सैल झाला होता. फ्रान्सिस यायला अवकाश होता, म्हणून आबांनी मला तो बोटाने दाबून धरायला बसवलं होतं. कानांवर भोंगे, मांडीवर वाद्य. वाजवून थोडे थांबले होते, डोळे मिटलेलेच. अक्का चहा घेऊन आल्या. पेला ठेवायला जागा करण्यासाठी वाकल्या, त्यांचं तोंड त्या गोल भोकाच्या अगदी जवळ आलं, आणि सवयीप्रमाणे स्वतःशीच पुटपुटल्या, "ठेवस, पण थंडा व्हई जाई."

"होऊ दे थंड," आबा म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. आपण काय केलं ते त्यांना कळलंच नव्हतं. अक्का तशाच वाकलेल्या राहिल्या. मग आबांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तू बोललीस का आत्ता?"

अक्कांनी होकारार्थी मान हलवली. आबांनी वाद्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं. ते वकील होते, त्यांना जोड लावायला वेळ लागला नाही. त्यांनी वाद्य उचलून अक्कांच्या समोर धरलं आणि बोटाने भोक दाखवलं. "पुन्हा बोल."

अक्का आत निघून गेल्या.

आबा वाद्य तसंच धरून बसले. मला वाटलं, आता त्या येत नाहीत. पण आल्या. तोंड धुतलेलं होतं. आबांच्या समोर खाली बसल्या. मी उठायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "बसा भाऊ. तुम्ही हात काढा का तार तुटी जाई." मी बोट दाबून भिंतीकडे पाहत बसलो.

त्यांनी पदर सावरला, वाद्यावर वाकल्या आणि रोज बोलत तितक्याच हळू बोलल्या.

"पोरनी इचारं, आबा वनात का? मी सांगं, वनात. बाहेर बसेल शेतस, वैद्यसंगे बोली ऱ्हायनात. मंग ती हासनी. मंग झोपनी."

वनात म्हणजे आले; आबा आले आहेत, असं अक्कांनी मुलीला सांगितलं होतं.

"मी खोटं सांगं. पण तिना मनमा तुम्ही येल व्हतात. तुमनी वाट दखत नही गई ती. हाईच सांगनं व्हतं माले. इतला वरीस हाईच."

माझं बोट बधिर झालं होतं. आबांनी एक प्रश्न विचारला. तो विचारताना त्यांची शहरी मराठी गळून पडली होती, बोलत होता तो एखादा खेड्यातला पोरगा.

"हासनी? खरंज?"

"हासनी."

"तिले तरास व्हयना का?"

"नही. झोपमाच गई."

आबांनी भोंगे काढले नाहीत. अक्काही तिथून हलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलू लागल्या, नातीबद्दल. तिचे डोळे कुणासारखे आहेत, ती काय खात नाही, कशाला भिते. बोलता बोलता एका जागी आबा हसले. तेव्हा मी एका दोऱ्याने तो सांधा घट्ट बांधला, आणि उठून वर आलो.

त्यानंतर ती करंटची सतार फारशी सतार राहिली नाही. दुपारी मी शाळेतून येई तेव्हा आबा भोंगे लावून बसलेले असत आणि अक्का तांदूळ निवडता निवडता तिच्याशी बोलत असत. सगळ्या वर्षांचं साचलेलं होतं, ते संपायला वेळ लागणारच. फ्रान्सिसला मी हे सांगितलं तेव्हा तो आधी थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "मास्तर, मला सांगितलं असतं तर लहान डबाच करून दिला असता. एवढं सागवान कशाला घातलं?" आबांपाशी त्याने खरंच तसा डबा करून देण्याची गोष्ट काढली. आबा नको म्हणाले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी आबा मला म्हणाले, "मास्तर, आम्ही धुळ्याला जातोय. स्टेशनापर्यंत या."

मी त्यांचं सामान घेऊन गेलो. फलाटावर गर्दी होती. नेहमी अक्का त्यांच्या चार पावलं मागे चालत, त्या काळी सगळ्याच बायका चालत तशा. त्या दिवशी फलाटावर पाऊल ठेवताच त्यांनी पुढे होऊन आबांचा हात धरला. नुसता मनगटाला नाही, बोटांत बोटं घालून. ओळखीची माणसं होती, कोर्टातले वकील होते, माझ्या शाळेतली दोन मुलं होती. सगळे पाहत होते. अक्कांची मान खाली नव्हती. त्यांनी पदर दुसऱ्या हाताने धरला, गाडी कुठे लागते ते एका हमालाला विचारून घेतलं, आणि त्या आबांना घेऊन चालू लागल्या.